'जुना फ्लॅट चकाचक करून विकला, १२ लाख सुटले': हा हिशेब अर्धा आहे

कर्वेनगरकर
परवा इथे एकाने टाकलं: कोथरूडमध्ये ६० लाखांना जुना वन बीएचके घेतला, ८ लाख घालून चकाचक केला, सहा महिन्यांत ८० ला विकला, १२ लाख सुटले, नोकरी कशाला करायची! खाली 'दादा, मार्गदर्शन करा' म्हणणाऱ्यांची रांग लागलीय. बरीचशी नुकती नोकरीला लागलेली पोरं दिसतात, म्हणून राहवलं नाही.

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. ६० लाखांवर ४ लाख २० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत करारापेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर. एजंट घेताना-विकताना एकेक टक्का घेतो असं धरा, १ लाख ४० हजार गेले. उरले ६ लाख १०. ४५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी असेल तर सहा महिन्यांचं व्याज २ लाख. २४ महिन्यांच्या आत विकलं की नफा अल्पकालीन, स्लॅबप्रमाणे कर. ३० टक्केवाल्याचे सेससकट १ लाख ९० हजार जातात. हातात सव्वादोन लाखही नाहीत. तेही गिऱ्हाईक वेळेवर आलं तर. नाही आलं तर हप्ता, मेंटेनन्स, मिळकतकर चालूच.

पण मला पैशांपेक्षा दुसरंच खुपतं. ८ लाखांत काय होतं? पीओपी, व्हिट्रिफाइड टाइल, मॉड्युलर किचन, रंग. फोटोत दिसतं तेवढंच. भिंतीतली गंजकी जीआय पाईपलाइन तशीच राहते. आणि एखादं कुटुंब आयुष्यभराची पुंजी त्या फोटोंवर ओततं.

जुनं_ते_नवं
ती पोस्ट माझी. मुद्रांक शुल्क सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लिहिलं नाही. घर बायकोच्या नावावर घेतलं, १ टक्का वाचला. आणि मी हे धंदा म्हणून दाखवतो, व्याज खर्चात धरतो. तुम्ही मांडलेला कर पगारदाराचा आहे, माझा नाही.

सरसकट सगळ्यांना लबाड ठरवू नका, काका. ज्यांच्याकडून घेतलं ते आजोबा एकटे, मुलगा परदेशात. त्यांनी गवंडी आणि प्लंबरच्या मागे धावायचं का? घेणारं जोडपं रोज हिंजवडीला जाणारं, त्यांना बॅगा घेऊन राहायला यायचं होतं. मधली धूळ मी खाल्ली. वायरिंग सगळं नवं केलं, एमसीबी (फ्यूजच्या जागी असतात ती बटणं) बदलल्या. त्या कष्टाचे पैसे घेतले.

कर्वेनगरकर
मी तुमचा काका नाही. व्याजाचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा घ्या. पण हे तुमच्या पोस्टमध्ये कुठे होतं? वाचणारा पगारदारच आहे.

आकडेमोड
बायकोच्या नावावर घेतलं आणि पैसे तुम्ही दिले असतील, तर नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. सीएला एकदा विचारा.

खालच्या_मजल्यावरची
बाकी सगळं राहू दे. बाथरूम फोडलं होतंत का?

जुनं_ते_नवं
नाही. फोडलं की अख्खी सोसायटी ओरडते. टाइलवर टाइल बसवली, सांधे इपॉक्सीने भरले. आता सगळीकडे असंच करतात.

खालच्या_मजल्यावरची
सगळीकडे करतात, म्हणूनच मी छत्री घेऊन आंघोळीला जायची वेळ आलीय! आमच्या वरचा फ्लॅट असाच एका 'इन्व्हेस्टर'ने घेतला, टाइलवर टाइल मारली, विकून मोकळा झाला. जुना नहाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या जाळीखालचं भांडं) आतून तडकलेला होता. आधी आमच्या छताला बशीएवढा पिवळा डाग आला, मग पोपडे, मग एका सकाळी प्लास्टरचा तुकडा थेट कमोडच्या टाकीवर. आता वर बघितलं की गंजलेली सळई दिसते. वरची मुलगी बिचारी दारात उभी राहून रडली. हप्ते चालू आहेत आणि बाथरूम पुन्हा फोडायला पैसे नाहीत. त्या गृहस्थांनी आमचे फोन उचलणं बंद केलं. सोसायटी म्हणते, तुमचं तुम्ही बघा.

सोसायटी_सचिव
सोसायटीला मधे ओढू नका. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती सोसायटीने बघायची, बाथरूमची ज्याची त्याने. आम्हाला वेगळाच ताप आहे. हे लोक राडारोडा गोण्यांत भरून जिन्यात ठेवतात, लिफ्टमधून सिमेंट नेतात, दुपारी दोनला ब्रेकर चालवतात. हटकलं तर म्हणतात, मालक मीच.

भाडेकरू_ते_मालक
सचिवसाहेब, घर विकलं की सोसायटी घेते ते हस्तांतरणाचं प्रीमियम किती घेता तेही सांगा. शासनाच्या २००१ च्या आदेशाने कमाल मर्यादा २५ हजार आहे. आमच्याकडून 'स्वखुशीची देणगी' म्हणून त्याच्या कितीतरी पट मागितली होती.

सोसायटी_सचिव
आमच्याकडे २५ हजारच आहे, पावतीसह. दुसऱ्यांच्या पापाचा जाब मला विचारू नका.

साइटवरची_इंजिनिअर
मूळ मुद्द्यावर या. जुन्या इमारतीत बाथरूमखाली सन्कन, म्हणजे खोलगट स्लॅब असतो, त्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा. पाणी त्यात मुरत राहतं, वरून कितीही इपॉक्सी भरा. स्लॅबपर्यंत फोडायचं, पाईप आणि नहाणी ट्रॅप बदलायचे, वॉटरप्रूफिंग करायचं, दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. मगच टाइल. आणखी एक. पेठांतल्या लोड-बेअरिंग इमारतींत हॉल मोठा करायला म्हणून भिंत पाडणारे महाभाग मी पाहिलेत. तिथे वरचा मजला त्या भिंतीवरच उभा असतो. त्यांच्याशी वाद नाही घालायचा, थेट महापालिकेत तक्रार करायची.

जुनं_ते_नवं
मी कुठलीही भिंत पाडलेली नाही. आणि खाली कुणाकडे पाणी गेलेलं नाही.

खालच्या_मजल्यावरची
अजून. एक पावसाळा जाऊ दे.

जुनं_ते_नवं
ताई, मला शाप देऊन तुमचं छत कोरडं होणार नाही.

सहकारनगरवाला
मला वेगळंच विचारायचंय. इतक्या जुन्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला निघाल्यात. आज पीओपी करून घेतलेलं घर दोन वर्षांत पाडलं तर तो खर्च कुणाच्या बोकांडी?

साइटवरची_इंजिनिअर
घेणाऱ्याच्या. आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकाम हक्क) चढवता येत नाही, मग बिल्डर फिरकतही नाही. 'रीडेव्हलपमेंट होणार' म्हणून चढा भाव सांगणाऱ्याला आधी रस्त्याची रुंदी विचारा. डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, झालंय का तेही.

कर्वेनगरकर
आता सरळ विचारतो. वायरिंगसारखंच बाथरूम आणि पाईपही नीट केले असते तर एकूण खर्च किती झाला असता?

जुनं_ते_नवं
११ च्या आसपास. मग धंद्यात काही उरत नाही. ८० च्या वर त्या गल्लीत कुणी देत नाही.

कर्वेनगरकर
हेच त्या पोस्टमध्ये लिहा.

जुनं_ते_नवं
मुद्रांक शुल्क, व्याज आणि कर आज रात्री पोस्टमध्ये घालतो. पुढच्या घराचं बाथरूम फोडेन आणि पाणी तुंबवलेलं गिऱ्हाइकाला दाखवेन. पण गळतीची लेखी हमी देणार नाही. इमारत चाळीस वर्षांची, वापरणार दुसरे.

खालच्या_मजल्यावरची
मग ज्यांना विकलंत त्यांना टाइलखाली काय आहे ते आजच फोन करून सांगा. तो फोन तरी कराल?