मातीचं अत्तर: दोन तासांनी नुसतं तेल उरतंय

चाटीगल्लीकर: सोलापुरात कापडाच्या दुकानात असतो. रमजानच्या बाजारात विजापूर वेशीत मातीच्या अत्तराची कुपी घेतली, ३ मिली, १५० रुपये. लावलं की अगदी वळवाचा पहिला शिडकावा! दोन तासांत वास गायब, मनगट तेलकट, पांढऱ्या शर्टाच्या बाहीला डाग. शेजारचा म्हणतो, "तेल लावून तालमीला निघालायस का बे?" हे आपल्या ४२ डिग्रीमुळे, की मला गंडवलंय? कुपी गाडीच्या डिकीतच असते.

अत्तरवेडा: आधी ती डिकीतून काढा ओ. उन्हाने अत्तर बिघडतं. पण सगळा दोष उन्हाचा नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यासह तांब्याच्या डेगेत घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते. तिथे आधीच चंदनाचं तेल असतं, वास त्यात मुरतो. धरून ठेवतं ते चंदन. आता चंदनतेलाचा भाव बघा आणि तुमचे १५० रुपये बघा! कुपीत बहुतेक लिक्विड पॅरॅफिन, म्हणजे खनिज तेल असणार. त्याला ना वास, ना ते उडतं. वरचा वास गेला की तेच मनगटावर बसून राहतं. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी चंदनाचा दुधाळ, लाकडासारखा वास आला तर माझे शब्द मागे घेतो.

बीटाचीकोशिंबीर: पट्टी दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या. सारखं हुंगलं की आपलं नाक सरावतं आणि वास असूनही कळत नाही. मातीच्या वासातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन, मातीतले सूक्ष्मजीव ते बनवतात. बीट चिरताना येतो तो वासही त्याचाच, म्हणून आमचे हे बीट खात नाहीत. कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावरच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. आपल्याकडे अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासून निघतंय.

चाटीगल्लीकर: पट्टी बायकोला दिली. सकाळी म्हणाली, "भज्याचा कागद आहे का हा?" वास शून्य. उरलेलं तिने शिलाई मशीनला घातलं. मशीन मस्त चालायलंय, आणि पहिली पाच मिनिटं घरात पाऊस.