प्रति: नवी केबल लावूनही हेडसेट 'यूएसबी २'च दाखवतो

दादा, तुमचा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग बघायचा) पीसीला जोडल्यावर वेगवान यूएसबी ३.० ऐवजी जुनं, संथ यूएसबी २ दाखवतो म्हणता, तर आधी केबल कुठली ते बघा. हेडसेटच्या डब्यातली असेल तर बहुधा चार्जिंगचीच. ती यूएसबी २.० च्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटच्या (एमबीपीएस) पुढे जायची नाही. यूएसबी ३.० वर ५ जीबीपीएस, म्हणजे साधारण दहापट वेग मिळतो. पोर्ट मागचा, थेट मदरबोर्डवरचा (पीसीच्या मुख्य बोर्डावरचा) घ्या, हब (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा) नको. आणि केबलचं टोक झटक्यात आत सारा. हळू घातलं की जुन्या २.० च्या पिना आधी टेकतात नि पीसी तिथेच अडकतो. हसू नका, खरंच होतं.

माझं दुखणं वेगळंच निघालं. मालवणात घर किनाऱ्यालगत, पावसाळाभर खारी हवा. टॉर्च मारला तर पोर्टात हिरवट थर! पीसीची वायर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल नि मऊ ब्रशने साफ केलं, तासभर वाळवलं. गणपतीला आलेल्या भाच्यांनी मग हेडसेट सोडलाच नाही.