ट्रान्सप्लांटनंतर वजन आवरेना, मदत हवी आहे

शर्वरी_क: बाबांचं वजन वाढतच चाललंय. भात बंद, साखर बंद, तरी काटा वरच. भूक तर अशी की रात्री अकराला उठून डबे उघडतात. गुळवेलीचा काढा सुरू करू का? प्लीज लवकर सांगा.

दिवाकर: कुठला अवयव? किती महिने झाले? गोळ्या कोणत्या? किती किलो वाढलं?

शर्वरी_क: किडनीच हो. चार महिने झाले. ६१ वरून ६९. टॅक्रो (टॅक्रोलिमस), मायकोफेनोलेट, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड.

रानजाई: गुळवेल अजिबात नको. ती प्रतिकारशक्ती चाळवते आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून तुम्ही ती दाबायला गोळ्या देताय. यकृतालाही इजा होऊ शकते. पपनस, ग्रेपफ्रूटही नको, रक्तातली टॅक्रोची पातळी वाढते.

बापू_सातारा: गुळवेल सगळेच घेतात! नाहीतर सोळा तास उपास करा. आणि डाळी बंद, किडनी आहे ना.

दिवाकर: बापू, डाळी बंद हे डायलिसिसच्याही आधीचं पथ्य. आता प्रोटीन तोडलं तर आधी स्नायू झडतील. उपासात पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं.
शर्वरी, ही भूक प्रेडनिसोलोनची आहे, बाबांच्या जिभेला दोष देऊ नका. पण ती गोळी मनाने कमी करायची नाही. जेवणात आधी भाजी-डाळ, मग एक-दोन भाकऱ्या. रात्रीसाठी बिनमिठाचे फुटाणे हाताशी ठेवा. साखर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. स्टेरॉइड सकाळी घेतलं की साखर दुपारी-संध्याकाळी चढते, उपाशीपोटी नॉर्मल दिसून फसवते.

मीनल७: मोड आलेली मटकी कच्ची देऊ नका, शिजवूनच.

शर्वरी_क: मटकीचं कोणी विचारलं? चालणं किती ते सांगा.

रानजाई: दहा मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत न्या. पण आधी सांगा, हे आठ किलो हळूहळू वाढले की या आठवड्यात एकदम? नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा.

शर्वरी_क: तीन किलो या चार दिवसांतले. दाबलं, खळगा तसाच राहतोय.

रानजाई: मग ही चरबी नाही, पाणी आहे. चालणं-बिलणं राहू दे, आत्ताच ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. लघवी कमी झाली का, बीपी किती, तेही सांगा. उद्या टॅक्रोची पातळी तपासायला सांगितली, तर सकाळची गोळी रक्त दिल्यावरच.

शर्वरी_क: लावतेय फोन.