शब्दचर्चा : पोर्तुगीजमध्ये 'येतो हं' कसं म्हणायचं?

नवशिकी

नवऱ्याच्या नोकरीमुळे पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राहायला जायचं ठरतंय, म्हणून पोर्तुगीज शिकायला घेतली आहे. ॲपने निरोपासाठी दोन शब्द दिले: 'आदेउस' आणि 'अते लोगु'. माझी ऑनलाइन शिक्षिका ब्राझीलची. ती म्हणते, आदेउस म्हणू नकोस, फार कायमचं वाटतं. इकडे मी पोर्तुगालची एक मालिका बघते, त्यात आजीबाई पाववाल्याला रोज आदेउस म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! कोणाचं खरं धरायचं? आणि फोन ठेवताना ही मंडळी एका श्वासात पाच-सहा शब्द म्हणतात, तो काय प्रकार आहे?

लिस्बनकर

दोघींचंही खरं. मधे समुद्र आहे.

आदेउस म्हणजे 'आ देउस', देवाच्या हवाली. जुन्या काळी 'तुम्हाला देवाच्या स्वाधीन करतो' असं अख्खं वाक्य म्हणत. त्यातले हे दोन शब्द उरले आणि चिकटले. स्पॅनिशचं आदिओस आणि फ्रेंचचं आदिय याच घरातले. पोर्तुगालमध्ये उच्चार 'अदेउश', शेवटी श. इथे हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे, विशेषतः वयस्कर लोकांत आणि फोनवर. पण तुझ्या मालिकेतली आजी नीट ऐक. ती बहुधा 'अदेउश, अते आमन्यां' म्हणत असेल, म्हणजे 'उद्यापर्यंत'. असं शेपूट जोडलं की त्यातला कायमपणा जातो. शिवाय 'अदेउझिन्यु' असं लाडाचं रूपही आहे. ते ऐकून कुणाला रडू येणार नाही. ब्राझीलमध्ये मात्र नुसतं आदेउस म्हणजे ताटातूट: देश सोडणं, नातं तुटणं, माणूस जाणं.

आता 'अते'. अते म्हणजे 'पर्यंत', आणि त्याच्यापुढे येते ती पुढची भेट. इथे घड्याळ बघूनच बोलावं लागतं. ऑफिसातला सहकारी कॉफी घ्यायला खाली चालला तर 'अते झा' म्हणतो ('प्लेझर'मधला झ), म्हणजे हा आलोच. सकाळी भेटलेला माणूस आजच पुन्हा भेटणार असेल तर 'अते लोगु'. संध्याकाळी घरी निघताना 'अते आमन्यां'. शुक्रवारी 'अते सगुन्दा', सोमवारपर्यंत, आणि त्याला जोडून 'बों फिं द समाना', वीकएंड चांगला जावो. कधी भेटू याचा पत्ता नसेल तर 'अते आ प्रॉसिमा', पुढच्या वेळेपर्यंत. (लिहिताना त्यात क्ष दिसतो, पण वाचायचा स.) संध्याकाळी सहा वाजता ऑफिसातून निघताना तू कुणाला 'अते लोगु' म्हणालीस, तर तो बिचारा विचारात पडेल, आज रात्री कुठे जेवायला जायचं ठरलं होतं का?

एक सांभाळून: 'अते सेंप्र', शब्दशः 'सदैवपर्यंत'. ऐकायला गोड, पण हे वापरतात निवृत्तीच्या भाषणात नाहीतर श्रद्धांजलीत. शेजारणीला म्हणू नकोस.

लिस्बनकर

फोनचं राहिलंच. तो माझा आवडता विषय आहे, म्हणून वेगळं लिहितो. दोन बहिणींचं बोलणं संपतं ते साधारण असं:

— प्रोंतु, एन्तांव वा.
— वा, बैझिन्युश.
— बैझिन्युश, अदेउश.
— अदेउश, च्याव, च्याव.
— च्याव.

'प्रोंतु' म्हणजे 'झालं तर'. विषय मिटवायचा इशारा. 'एन्तांव वा' घाईत 'तांव वा' होतं, आणि ते आपल्या 'चला मग'शी इतकं जुळतं की मला पहिल्यांदा गंमत वाटली होती. 'वा' हे जाणे या क्रियापदाचंच रूप, आपलं 'चला'ही तसंच. आणि फोनवर दोन्हीकडे कुणीच कुठे जात नसतं. 'बैझिन्युश' म्हणजे छोटे छोटे पापे. बायका बायकांना, बायका पुरुषांना सर्रास म्हणतात. पुरुष पुरुषाला 'अब्रासु', मिठी. प्रत्यक्ष भेटीत इथे बहुतेक ठिकाणी दोन्ही गालांना गाल लावतात, निघताना पुन्हा तेच.

यातला एकही शब्द फुकट नाही. प्रत्येक टप्प्यावर समोरच्याला 'थांब, एक सांगायचं राहिलं' म्हणायची संधी असते, आणि बहुतेक वेळा काहीतरी राहिलेलं असतंच. मग गाडी परत 'प्रोंतु'पासून सुरू. आपल्याकडे 'बरं चल, ठेवते', 'हो ठेव', 'आणि ऐक ना' चालतं त्याच चालीवर.

सरकारी कचेरी, बँक, दवाखान्याची रिसेप्शनिस्ट यांच्याशी बोलताना हे लाड नाहीत. तिथे 'ओब्रिगादु, बों दिया' (आभारी आहे, दिवस चांगला जावो) आणि फोन ठेवण्याआधी पुष्कळ लोक 'कों लिसेन्सा' म्हणतात, परवानगी असावी. खोलीतून उठून जाताना म्हणतात तेच फोनवरून उठताना.

साओपावलोवासी

ब्राझीलची बाजू मांडतो. इथे सगळ्यांचा राजा 'च्याव'. उच्चार करताना चहातला च, चाकातला नाही. नाहीतर तो 'चाव' होईल आणि निरोपाचा रंगच बदलेल.

हा शब्द इटालियन. आणि इटालियनमध्ये तो आला व्हेनिसच्या बोलीतून, जिथे त्याचा मूळ अर्थ होता 'दास'. 'आपला दास आहे' अशी ती नम्रता. आपल्या जुन्या पत्रांतल्या 'आपला नम्र सेवक'सारखी. १८७० च्या दशकापासून इटालियन कुटुंबं मोठ्या संख्येने ब्राझीलला आली, साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांत आणि दक्षिणेकडच्या राज्यांत स्थिरावली, आणि हा शब्द इथलाच होऊन गेला. येताना एक अर्थ मात्र गळला: इटलीत च्याव भेटतानाही म्हणतात आणि निघतानाही. पोर्तुगीजमध्ये फक्त निघताना. कुणी दारातून आत येत असताना च्याव म्हणालात तर तो उलट्या पावली जाईल. लहान मुलाला 'दा च्याव' म्हणजे आपलं 'टाटा कर बाळा'.

'अते लोगु'चं म्हणाल तर लिस्बनकरांचं घड्याळ इथे चालत नाही. ब्राझीलमध्ये अते लोगु म्हणजे नुसतंच 'भेटू'. संध्याकाळी असेल, महिन्याने असेल. 'अते माइस' तर त्याहून सैल. बहुतेक जण नुसतं 'अते!' म्हणतात आणि वाक्य हवेत सोडून देतात. कधीपर्यंत, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मित्रांत दोन शब्द आहेत, 'फालो' आणि 'वालेउ'. फालो म्हणजे शब्दशः 'बोललास', वालेउ म्हणजे 'मोलाचं ठरलं'. पहिल्यात 'ठीक, कळलं, निघतो' येतं. दुसऱ्यात आभार आणि निरोप दोन्ही. चॅटवर स्वर गाळून तीन-तीन अक्षरांत लिहितात. आणि सगळ्यात लाडका म्हणजे 'फुइ!'. अर्थ: गेलो! माणूस अजून समोर उभा, हातात ग्लास, आणि म्हणतो गेलो. आपण न आलेले असताना 'आलोच' म्हणतो ना, त्याचा हा चुलतभाऊ. बॉसला म्हणू नये.

'अब्रासु'ला इथे उत्तर असतं 'ओत्रु', म्हणजे 'आणखी एक'. मिठीला परत मिठी. फोनवर हे ऐकून पहिल्यांदा वाटतं, आणखी एक काय मागतोय हा?

नवशिकी

वा, हे ॲपमध्ये कुठे असणार! पण मुळात मला हवंय ते 'येतो'. आपण 'जातो' म्हणत नाही, अशुभ वाटतं. पोर्तुगीजमध्ये उठताना काय म्हणतात? एकदम 'अदेउश' म्हणून दार तर लोटता येणार नाही.

साओपावलोवासी

'वो इंदु'. शब्दशः 'जात जात आहे'. सरळ 'वो', जातो, म्हटलं तर तुटक वाटतं. 'इंदु' जोडलं की जाणं हळूहळू सुरू होतं आणि यजमानाला अडवायला वेळ मिळतो. यजमान अडवतोच: 'ता सेदु!', अजून लवकर आहे, थोडी कॉफी घे. मग परत बसायचं. अर्ध्या तासाने पुन्हा 'बों, वो इंदु'. आपल्याकडचं 'बसा हो, काय घाई आहे' ज्याला माहीत आहे त्याला हे शिकवावं लागत नाही.

दारात यजमान म्हणेल 'आपारेसी ला एं काझा', ये की घरी कधीतरी. हे 'या एकदा घरी'च्या जातीचं आहे. खिशातून फोन काढून 'कोणत्या वारी येऊ?' असं विचारायचं नसतं. 'वोउ सिं', येईन की, म्हणायचं आणि लिफ्टचं बटण दाबायचं.

लिस्बनकर

पोर्तुगालमध्ये 'वो अन्दान्दु', चालत चालत आहे, असंही ऐकू येतं. भाव तोच.

म्हापशेकार

गोव्याचंही थोडं लिहितो. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य होतं, आणि 'आदेउस' कोंकणीत शिरला तो थेट मांडोत, म्हणजे इथल्या पारंपरिक प्रेमगीतांत. विरहाच्या गाण्यांत तो शब्द आला की ओळ जड होते. म्हणजे इथे तो ब्राझीलसारखा वजनदार झाला. रोजच्या उठण्याबसण्यात मात्र आम्ही 'येतां' म्हणतो, 'वतां' नव्हे. त्या बाबतीत मराठी आणि कोंकणी एकाच आईच्या.

आणि कॅथलिक घरांत 'देव बरें करूं' हे आभार, 'देव बरी रात दिंव' ही शुभरात्री. देवाचं नाव घेऊन माणसाला सोडणं, आदेउसच्या मुळाशी जे आहे तेच. ब्राझीलमध्येही 'वाय कों देउस', देवाबरोबर जा, हे ऐकू येतं असं मी ऐकून आहे. बरोबर ना?

साओपावलोवासी

अगदी रोज. आई मुलाला म्हणते, टॅक्सीवाला गिऱ्हाईकाला म्हणतो. निघणारा उलट म्हणतो 'फीका कों देउस', देवाबरोबर राहा. जाणाऱ्याला एक देव, राहणाऱ्याला एक. श्रद्धा असो नसो, म्हणतात.

जाता जाता च्यावचा एक राजकीय किस्सा. मार्च २०१६ मध्ये, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष असलेले लुला आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष जिल्मा रुसेफ यांच्यातलं फोनवरचं बोलणं न्यायाधीश सेर्जिओ मोरो यांनी उघड केलं. बोलणं संपताना लुला म्हणाले होते, 'च्याव, केरीदा'. केरीदा म्हणजे प्रिय, लाडके. मैत्रिणीला, बहिणीला, कामावरच्या सहकारी बाईलाही सहज म्हणतात. विरोधकांनी ते दोन शब्द उचलले आणि फलकांवर छापले. एप्रिलमध्ये संसदेत महाभियोगाच्या मतदानाच्या वेळी खासदार 'च्याव, केरीदा'चे फलक नाचवत होते. ऑगस्टमध्ये जिल्मांना पद सोडावं लागलं. माझ्या मते त्या घोषणेचा डंख मायेच्या शब्दातूनच आला. नुसतं 'चालत्या व्हा' म्हटलं असतं तर इतकं बोचलं नसतं. त्यानंतर बराच काळ लोक एखाद्या बाईला फोनवर हे म्हणताना जरा चाचरत.

नवशिकी

बाप रे. मी आपली साधं 'च्याव'च म्हणेन. अजून एक: 'निरोप घेणे' याला क्रियापद काय? शब्दकोशात 'देश्पेदिर' दिसतं आणि त्याच्याच खाली 'नोकरीवरून काढणे'.

लिस्बनकर

दोन्ही तेच. 'देश्पेदिर' म्हणजे पाठवणी करणं. मालकाने केली तर नोकरी गेली. स्वतःवर फिरवून 'देश्पेदिर-स' केलं की निरोप घेणं. पण खाच अशी की 'मी देश्पेदी-मे केलं' याचा पोर्तुगालमध्ये 'मी राजीनामा दिला' असाही अर्थ होतो. त्यामुळे 'मी साहेबांचा निरोप घेतला' असं सांगायचं असेल तर पुढे लगेच सांगावं की आपण सुट्टीवर चाललो होतो. आणि न सांगता सटकणं म्हणजे 'साइर आ फ्रान्सेझा', फ्रेंच पद्धतीने निघणं. आपला दोष शेजाऱ्याच्या नावावर टाकायची रीत सगळीकडे सारखीच.

पोर्तोत तुला खरी गरज पडेल ती वेगळ्याच शब्दांची. दुकानातून, कॅफेतून, दवाखान्याच्या बाकावरून उठताना लोक तिथल्या सगळ्यांना मिळून वेळेचा नमस्कार करतात: सकाळी 'बों दिया', दुपारी जेवणानंतर 'बोआ तार्द', अंधार पडला की 'बोआ नोइत'. येतानाही हेच, जातानाही हेच. (ब्राझीलच्या शिक्षिकेकडून 'तार्जी' आणि 'नोइची' ऐकशील, पोर्तुगालमध्ये शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात.) कुणी काम करत असेल तर निघताना 'बों त्राबाल्यु', काम चांगलं होवो. कामावरून घरी चाललेल्याला 'बों देश्कान्सु', विश्रांती घ्या. आजारी माणसाला 'आश मल्यॉराश', लवकर बरे व्हा.

नवशिकी

मग पाववाल्याकडून निघताना मी नेमकं काय म्हणू? एकच वाक्य सांगा, पाठ करते.

लिस्बनकर

'ओब्रिगादा, बों दिया, अते आमन्यां.' बाई म्हणून ओब्रिगादा, ओब्रिगादु नाही. आणि रविवारी दुकान बंद असेल तर शनिवारी अते आमन्यां म्हणू नकोस, 'अते सगुन्दा' म्हण. नाहीतर तो तुला दुरुस्त करेल.