सल्ला हवा: तिसरी-चौथीतल्या पुढे धावणाऱ्या मुलांना वर्गात हाताने करायला काय द्यावं?

खडूफळा: वर्गातली चार-पाच मुलं गणित-विज्ञानाचा नवा भाग इतरांच्या आधीच उरकून बसतात. जादा उदाहरणं दिली की कंटाळतात. मागचं एक टेबल आणि आठवड्याला 40 मिनिटांच्या दोन तासिका मिळतील. तयार किट नको. काय सुचवाल?

लोलक: आधी वेळ मोकळा करून द्या. धड्यातली सर्वांत अवघड पाच गणितं सुरुवातीलाच द्यायची. चार बरोबर आली तर त्या सरावातून सुटका, प्रकल्प त्याच वेळात. सगळा सराव करून वर प्रकल्प म्हणजे हुशारीची शिक्षाच.

सुरुवात लंबकाने करा. न ताणणारा दोरा (लोकर नको), कागदाची क्लिप वाकवून केलेला हूक, पाच-सहा वॉशर, मोजपट्टी, स्टॉपवॉच. पेन्सिल टेबलाच्या कडेबाहेर काढून चिकटपट्टीने घट्ट बसवा, तिला दोरा बांधा. पेन्सिल हलली की सगळी मापं बिघडतात.

प्रश्न एकच: झोक्याचा वेळ कशाने बदलतो? वजनाने, लांबीने, की किती लांब ओढून सोडला त्याने? अंदाज वहीत उतरल्याशिवाय सामान हातात द्यायचं नाही, आणि अंदाज पेनने. ही मुलं चुकलेला अंदाज गुपचूप खोडतात.

जाऊन परत आला की एक झोका. दहा झोके मोजून दहाने भागा, प्रत्येक माप तीनदा. 25 सेंमीला दहा झोके साधारण 10 सेकंदांत होतात, 50 सेंमीला 14. ‘लांबी दुप्पट, वेळ दुप्पट’ म्हणणारं मूल इथे अडतं. अडू द्या, लगेच सांगू नका. 1 मीटरला 20 सेकंद लागतात (टेबल पुरत नाही, कपाटाच्या वरच्या कडेला टांगा). मग विचारा, 3 सेकंदांचा झोका हवा तर दोरा किती? तक्त्यात ‘लांबी चौपट, वेळ दुप्पट’ दिसलं (म्हणजे वेळ तिप्पट हवा तर लांबी नऊपट) की 225 सेंमीच्या आसपास उत्तर येतं, आणि जिन्याच्या कठड्याला लंबक बांधून ते पडताळता येतं.

खडूफळा: मुलं हमखास कुठे चुकतात?

लोलक: दोन ठिकाणी. सोडतानाच ‘एक’ म्हणतात, म्हणून झोके नऊच भरतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायला लावा. दुसरी चूक जास्त फसवी: वॉशर एकाखाली एक लटकवतात, त्यामुळे लांबी वाढते आणि ‘जड लंबक हळू हलतो’ असं ‘सिद्ध’ होतं. सगळे वॉशर एकाच हुकात हवेत, आणि लांबी पेन्सिलीपासून वॉशरच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. फार लांबून सोडला तरी वेळ किंचित वाढतो, म्हणून वजन-लांबी तपासताना ओढ लहान आणि तीच ठेवा.

तांब्याची_तार: पुढच्या फेरीला पुठ्ठ्यावर एलईडीचं सर्किट. दोन पेन्सिल सेल बंद खोक्यात (3 व्होल्ट), कॉपर टेप, 100 ओहमचा रोध (वीज मर्यादित ठेवणारा रेझिस्टर), एक लाल आणि एक निळा एलईडी. बटण सेल या वयात नकोच. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

एलईडीचा लांब पाय धन बाजूला. कोपऱ्यावर टेप कापून जोडू नका, दुमडा. बऱ्याच टेपांच्या गोंदातून वीज जात नाही. एकाच रोधापुढे दोन्ही दिवे समांतर जोडले की लाल पेटतो, निळा मरतो. मूल निळा दिवा बदलून बघतं, उलटा लावून बघतं. कारण असं, की लाल सुमारे 2 व्होल्टवरच वीज घेऊ लागतो आणि दोन्ही दिव्यांवरचा विजेचा दाब (व्होल्ट) तेवढ्यावर अडवतो, निळ्याला हवे असतात 3 च्या आसपास. दोघांना स्वतंत्र रोध दिले की निळाही पेटतो, मंद का होईना. हे कोडं अख्खी तासिका पुरतं.

खडूफळा: गुण द्यायचे का? आणि बाकीच्या मुलांचं काय?

लोलक: गुण नकोत. वहीत तीन रकाने पुरेत: अंदाज, मोजलेलं, आता काय बदलणार. शेवटचा रकाना कोरा राहिला की समजा, मूल नुसतं सांगितलेलं करतंय. टेबल सगळ्यांना खुलं ठेवा, लंबकात गणिताबाहेरची मुलंही चमकतात. फक्त या चार-पाच जणांना इतरांना शिकवायला बसवू नका, ते तुमचं काम.