मदत हवी आहे: स्वतः बांधलेल्या लिनक्स कर्नलवर आयपीव्ही६ अर्ध्या तासाने बंद पडतं

बोर्डवाला: आर्म बोर्डसाठी ६.१ कर्नल कंपाइल केलाय. आयपीव्ही६ आतच घातलंय, मॉड्यूल नाही. बूट झाल्यावर पत्ता मिळतो, बाहेर पिंगही जातो. साधारण अर्ध्या तासाने ‘नेटवर्क इज अनरीचेबल’. आयपीव्ही४ व्यवस्थित चालू. कन्फिगमधला कुठला पर्याय राहिला? बोर्ड उद्या द्यायचाय, कृपया लवकर सांगा.

रूटमास्तर: फॉरवर्डिंग (इतरांची पॅकेट्स पुढे पाठवणं) चालू असणार. ते १ असलं की कर्नल राऊटर ॲडव्हर्टाइजमेंट (आरए, म्हणजे राऊटर अधूनमधून पाठवतो ती ‘मी इथे आहे’ची सूचना) घेत नाही. ‘ॲक्सेप्ट आरए’ २ करा, विषय संपला.

हेक्सडंप: नाही पटत. फॉरवर्डिंग चालू केल्याक्षणी कर्नल आरएतून शिकलेला डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा मार्ग) काढून टाकतो, अर्धा तास थांबत नाही. अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद, आणि रॅडव्हीडीचा (राऊटरवरचा आरए पाठवणारा प्रोग्रॅम) मूळ राऊटर लाइफटाइम, म्हणजे तो रूट किती वेळ धरायचा ते, तेवढाच असतो. पहिला आरए मिळतोय, पुढचे मिळत नाहीत.

बोर्डवाला, हे सांगा: आरए कर्नल हाताळतो की सिस्टिमडी-नेटवर्कडी हा वेगळा प्रोग्रॅम? फायरवॉल आहे का? ब्रिज? इथरनेटचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमधला की चिप बनवणाऱ्याने दिलेला?

निवांत_नोड: सर्व्हर लिहीत असाल तर सॉकेटवर व्ही६-ओन्ली ० ठेवा, एकाच सॉकेटवर दोन्ही प्रोटोकॉल येतात.

बोर्डवाला: सर्व्हरचा प्रश्नच नाही. बिझीबॉक्स (छोट्या बोर्डांसाठीचा आटोपशीर कमांड-संच) आहे, सिस्टिमडी नाही. फॉरवर्डिंग ०. ब्रिज नाही. ड्रायव्हर चिपवाल्याचा. फायरवॉल आहे, पण त्यात आयसीएमपीव्ही६ (आरए ज्यातून येतात तो प्रोटोकॉल) मोकळं आहे.

पोर्ट५४७: एवढा खटाटोप कशाला? स्थिर रूट द्या: ‘आयपी -६ राऊट ॲड डिफॉल्ट व्हाया एफई८०::१ डेव्ह ईथ०’. लिंक-लोकल (फक्त त्याच जोडणीवर चालणाऱ्या पत्त्याच्या) गेटवेला डेव्ह, म्हणजे इंटरफेस, लिहावाच लागतो, तो विसरू नका.

हेक्सडंप: आणि पत्त्याचं काय? तोही आरएवरच जगतो. रॅडव्हीडीच्या मूळ मांडणीत पत्ता १४,४०० सेकंदांनी डेप्रिकेटेड (नव्या जोडण्यांसाठी टाळला जाणारा) होतो आणि ८६,४०० सेकंदांनी बाद. उद्या दिलेला बोर्ड परवा बंद पडेल.

पोर्ट५४७: मग पत्ताही स्थिर द्या.

हेक्सडंप: प्रोव्हायडरने प्रिफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलला की तोही गेला.

बोर्डवाला, अर्धा तास थांबायची गरज नाही. ‘आयपी -६ राऊट’मध्ये डिफॉल्टच्या ओळीत ‘एक्स्पायर्स १७९३सेक’ असं दिसेल. रॅडव्हीडी फार तर ६०० सेकंदांनी नवा आरए पाठवतो आणि आकडा परत १८०० वर जातो. तो ११०० च्या खाली उतरला की समजा आरए पोचत नाहीत. मग टीसीपीडंप (येणारी पॅकेट्स दाखवणारा प्रोग्रॅम) दोनदा चालवा. आधी -पी लावून, म्हणजे कार्ड प्रॉमिस्क्युअस (आपली नसलेली पॅकेट्सही घेणारं) होत नाही. नंतर -पी काढून. दर वेळी दहा मिनिटं तरी थांबा. -पी असताना आरए दिसला तर दोष कर्नलच्या सेटिंगचा किंवा फायरवॉलचा, कारण टीसीपीडंप फायरवॉलच्या आधी बघतो. फक्त -पी काढल्यावर दिसला तर दोष कार्डाच्या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवलेल्या पॅकेट्सच्या) फिल्टरचा.

रूटमास्तर: फिल्टरचा दोष असता तर पहिला आरए तरी कसा आला?

हेक्सडंप: बोर्ड उठताना स्वतः सॉलिसिटेशन (आरए पाठवा अशी विनंती) पाठवतो. त्याचं उत्तर राऊटर युनिकास्टने (फक्त त्या बोर्डाला) देऊ शकतो. नेहमीचे आरए मात्र एफएफ०२::१ या सगळ्यांसाठीच्या मल्टिकास्ट पत्त्यावर, म्हणजे मॅक (हार्डवेअर पत्ता) ३३:३३:००:००:००:०१ वर येतात. आयपीव्ही४ मध्ये एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणं) ब्रॉडकास्टवर चालतं, म्हणून ड्रायव्हरचा हा दोष तिथे कधी दिसतच नाही.

जुनाटकर्नल: अवांतर: लिनक्समध्ये आयपीव्ही६ चा पहिला कोड १९९६ मध्ये, २.१.८ ला आला. पुढे जपानच्या उसागी प्रकल्पाने तो बराच सुधारला. बीएसडी या दुसऱ्या प्रणालीकडे तेच काम ‘कामे’ नावाच्या प्रकल्पाने केलं.

बोर्डवाला: -पी असताना एकही आरए नाही. -पी काढल्यावर काही मिनिटांतच आला आणि आकडा १८०० वर गेला! ‘आयपी एमॲड्र’मध्ये (कार्डाने ऐकायच्या मल्टिकास्ट पत्त्यांची यादी) ३३:३३:००:००:००:०१ दिसतोय.

हेक्सडंप: म्हणजे कर्नलने यादी दिली, ड्रायव्हरने ती चिपमध्ये लिहिली नाही किंवा चुकीची लिहिली. उद्यापुरतं: ‘आयपी लिंक सेट ईथ० ऑलमल्टिकास्ट ऑन’, इंटरफेस वर आणायच्या आधी. त्याने भागलं नाही तर प्रॉमिस्क ऑन.

खरी दुरुस्ती ड्रायव्हरच्या सेट-आरएक्स-मोड फंक्शनमध्ये. हॅश रजिस्टर (चिपमध्ये ही मल्टिकास्ट यादी ठेवायची जागा) लिहिलं जातंय का बघा. शिवाय केबल काढून लावल्यावर ड्रायव्हर मॅक (इथे पत्ता नव्हे, चिपमधला इथरनेटचा भाग) रीसेट करत असेल तर ते पुसलं जातं, रीसेटनंतर पुन्हा लिहायला हवं. तपासताना फक्त आरएवर थांबू नका. नेबर सॉलिसिटेशन (‘हा पत्ता कोणाचा?’ ही विचारणा) ३३:३३:एफएफ आणि पत्त्याचे शेवटचे २४ बिट अशा मॅकवर येतं. ते अडलं तर बाहेरून बोर्डाशी जोडणीच होणार नाही.

बोर्डवाला: ऑलमल्टिकास्टने आकडा परत वर जातोय. ड्रायव्हरमध्ये लिंक-अपच्या वेळी मॅक रीसेट आहेच, हॅश परत लिहिणारी ओळ कुठेच नाही. ती घालून केबल काढून बघतो.