मदत हवी आहे: ८ महिन्यांची लेक, दिवसातून तीनदा खाते तरी वजन हलेना

मुलगी परवा ८ महिन्यांची झाली. जन्माचं वजन २.८ किलो. सहा महिने फक्त अंगावर पाजलं, वरचं पाणीही नाही, तेव्हा ६.८ भरली. आता जेमतेम ७. अंगणवाडीताईंनी कार्डावर ठिपका दिला, रेघ आडवी झालीय. हिरव्या पट्ट्यात आहे म्हणाल्या, पण "वरचं काय देता?" असं दोनदा विचारलं.

देते की! सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी वरणाचं पाणी, संध्याकाळी पेज. सगळं पातळ. घट्ट दिलं तर घशात अडकेल ही सासूबाईंची भीती, आणि खरं सांगू, माझीही. नोकरीवर रुजू झाल्यापासून दिवसाचं पाजणं सुटलंय. खेळते, हसते, ताप-जुलाब नाहीत. अंडं चालेल का? गाईचं दूध सुरू करू?

प्रतिसाद १
अहो, यात अन्न कुठंय? वरणाचं पाणी बाळाला आणि खालची डाळ आपल्या ताटात! एवढंसं पोट पाण्यानंच भरतं. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतकं घट्ट हवं. वरणभात, खिचडी कुस्करा, मिक्सर नको, वर तूप घाला. चार चमच्यांपासून हळूहळू अर्ध्या वाटीवर या. अंडं आजपासून द्या, पूर्ण उकडलेलं. प्यायला गाईचं दूध मात्र वर्षानंतरच, त्यात लोह फार कमी. मध, मीठ, साखरही तोवर नको.

प्रतिसाद २
दूध काढून ठेवता येतंय का बघा. या वयातही निम्मी भूक त्यावरच भागते. आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, तेही विचारा. भरवताना ताठ बसवा. नवीन चव आली की बाळं ओकारी काढतात, ते अडकणं नव्हे. अख्खे शेंगदाणे, द्राक्षं मात्र अजिबात नकोत. आणि महिन्याभरात रेघ वर गेली नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

धागाकर्ती
काल मुगाची खिचडी दिली. सासूबाई पाण्याची वाटी घेऊन शेजारीच बसलेल्या. चार चमचे गेले, पाचव्याला तोंड फिरवलं, आणि निम्मी माझ्या ड्रेसवर. दूध काढायला ऑफिसात एक स्टोअररूम मिळतेय, तिला आतून कडी नाही. ती बसवून घेते आधी. पुढचं वजन १० तारखेला, इथेच कळवते.